अन्नपूर्णाबाईंनी काढलेलं मोहखेडा

सावंगी मेघेत मेडिकलच्या पोरापोरींना खोल्या देणारी घरं गल्लोगल्ली सापडतात. अन्नपूर्णाबाई ताकसांडे यांचं घर त्यांतलंच. खाली त्या एकट्या, वर दोन खोल्या आणि गच्ची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भाडेकरूंच्या भानगडीत पडायचं नाही हा त्यांचा जुना नेम होता. पण एका रविवारी दुपारी गच्चीवर घातलेल्या मुगवड्या उलटवायला त्या वर गेल्या, आणि उघड्या दारातून त्यांना जमिनीवर पसरलेला चार्ट पेपर दिसला.

पेपराभोवती तिघं बसली होती. हिंगणघाटचा विवेक, नाशिकची अंकिता आणि चंद्रपूरचा नीरज. पेपरावर स्केचपेनने डोंगर काढले होते, झाडं काढली होती, मधून एक निळी नदी. शर्टाची बटनं आणि तुरीचे दाणे इथंतिथं मांडले होते. तिघंही तावातावाने बोलत होती.

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यात थांबल्या. नकाशा दिसला की त्यांचा पाय पुढे जात नसे.

"ही नदी चढावर काऊन चालली?" त्यांनी विचारलं.

तिघांनी माना वर केल्या. विवेक हसला. "काकू, ही जादूची दुनिया आहे."

"जादूची असन. पन डोंगरातून निघाली न ती? मग फिरून डोंगराकडं कशी येईन? पाण्याले उतार पाहिजे."

त्यावर नीरज म्हणाला, "बघ, मी तेच म्हणत होतो," आणि भांडण पुन्हा सुरू झालं. मग विवेकनेच त्यांना खेळ समजावून सांगितला. एक जण, म्हणजे इथं विवेक, गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. आपल्या माणसाने काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण ते जमतं की नाही ते फासा ठरवतो. फाशाला वीस बाजू. मोठा आकडा पडला की काम फत्ते, लहान पडला की फसलं. आता कोण कुठं उभा आहे, कुणाला पुढचं काय दिसतं, यावरून नुसत्या बोलण्यात वाद होतात, म्हणून समोर नकाशा लागतो.

"आणि तो मी काढतो," विवेक म्हणाला, "म्हणून असा होतो."

पुढच्या रविवारी अन्नपूर्णाबाई गुंडाळी घेऊन वर गेल्या. तोच मुलूख त्यांनी नव्याने काढून आणला होता. नदी उताराला लागली होती, तिला दोन नाले येऊन मिळत होते, डोंगरांची चढण बारीक रेषांनी दाखवली होती. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली माप, आणि काळ्या शाईत असं अक्षर, की अंकिताला ते छापील वाटलं. तिने बोट फिरवून पाहिलं.

"काकू, तुम्ही काय करत होता नोकरीत?"

"ट्रेसर होतो," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

पोरांना तो शब्द ठाऊक नव्हता. कुणाला असणार? ते काम आता राहिलेलंच नाही. धरणाच्या कामांची एक सरकारी कचेरी होती, तिथे अन्नपूर्णाबाई एक्याऐंशी साली लागल्या. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढायचे, अन्नपूर्णाबाई त्यावर मेणचट निळसर कापड ताणून बसवायच्या आणि काळ्या शाईने सगळं गिरवायच्या. शाई सांडली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, कापड फाटू न देता. मग त्या कापडावरून अमोनियाच्या वासाच्या प्रती निघायच्या, जिल्ह्याजिल्ह्यांत जायच्या. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशा जागा गिरवल्या ज्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या. शेवटची बारा वर्षं तर कॉम्प्युटर आले होते, बाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. पेन सुटलं ते सुटलंच.

आता ते पुन्हा हातात आलं. आठवडाभर त्या रेषा ओढत बसू लागल्या. विवेक फोन करून सांगायचा, काकू, या खेपेला एक किल्ला पाहिजे, आत भुयार पाहिजे. त्या दोन्ही काढायच्या, किल्ला एका कागदावर, भुयार दुसऱ्या पातळ कागदावर, एकावर एक ठेवले की नेमके जुळणारे. नीरजच्या माणसाला एक जुनं पत्र सापडायचं होतं, तर त्यांनी कागद चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून, कडा जाळून खरंच जुनं पत्र करून दिलं. नीरजने ते आपल्या पाकिटात ठेवलं.

एक गोष्ट मात्र त्यांना शिकायला वेळ लागला. विवेक नकाशा कधी पूर्ण उघडत नसे. काळ्या कार्डपेपरचे तुकडे त्यावर मांडलेले असत आणि खेळाडू चालतील तसा तो एकेक तुकडा उचले. पुढे खाई असली तरी ती पाय पडेपर्यंत झाकलेली. अन्नपूर्णाबाईंना हे पहिल्यांदा पटेना.

"नकाशा झाकून ठेवाले काढते काय कोनी?"

"काकू, सगळं आधीच कळलं तर खेळणार काय?"

त्यांनी सरकलेला काळा तुकडा नीट जागेवर बसवला.

पावसाळा संपता संपता विवेक म्हणाला, "आता एक गाव पाहिजे. नदीकाठचं, साधं. यांची माणसं तिथं काही दिवस राहतील. पण खरं वाटलं पाहिजे बरं का."

अन्नपूर्णाबाईंनी हो म्हटलं आणि पंधरा दिवस लावले. गाव त्यांनी मनाने रचलं नाही. समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर मोहखेडा नावाचं साठ-सत्तर घरांचं गाव होतं. त्यांचं माहेर. ते त्यांनी जसंच्या तसं उतरवलं. गावात शिरतानाचं चिंचेचं झाड, शाळेच्या दोन खोल्या, बौद्धपुऱ्यातलं विहार, पाटलाच्या गोठ्यामागून नाल्यावर जाणारी पायवाट. घर कुणाचं कुठं, दार कुठल्या दिशेला, सगळं. पोरांना त्यांनी एवढंच सांगितलं की असंच काढलं मनानं.

पोरांना ते गाव फार आवडलं. अंकिताच्या खेळातल्या बाईने तर तिथं एक घर घेतलं, विहाराजवळचं, ओट्याचं. रविवारी अन्नपूर्णाबाई वर येऊन बसल्या की ती विचारायची, "काकू, माझ्या घरासमोर काय दिसतं?" आणि अन्नपूर्णाबाई सांगायच्या, समोर आनंदाबाईचं घर, ती सकाळी ओट्यावर भाजी निवडत बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकते. पोरं हसायची. मोहखेड्याला जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती आणि त्या खोलीत दर आठवड्याला कुणीतरी त्याच्या पायवाटांवरून चालत होतं. त्या दिवसांत अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उजळला होता, असं गल्लीतल्या बायाही म्हणायच्या.

नोव्हेंबरात विवेक खाली आला. हातात त्या नकाशाचा फोटो होता.

"काकू, पुढची गोष्ट सुचली. तुमच्या नकाशातच होती. हे बघा, गावाच्या खाली या दोन टेकड्या किती जवळ आल्यात. इथं बांध घातला की झकास पाणी अडेल. राजा तिथं बांध घालणार, गाव बुडणार, आणि गावाला माहीत नाही. फक्त दरबारातल्या नकाशे काढणाऱ्या कारकुनाला माहीत आहे. खेळाडूंनी त्याच्याकडून ते काढून घ्यायचं. मला एक पातळ कागद पाहिजे, गावावर ठेवायला. पाणी कुठपर्यंत येईल त्याची रेष."

अन्नपूर्णाबाईंनी फोटोतल्या त्या दोन टेकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "देतो."

ती रेष काढायला त्यांना माप लावावं लागलं नाही. एकदा काढलेली होती.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात त्यांच्या टेबलावर एक पेन्सिलीचा नकाशा आला होता. त्या नाल्यावर धरण होणार हे गावात सगळे वीस वर्षं ऐकत होते, पण ते वरच्या अंगाला, मोहखेड्याला धक्का न लागता. नकाशात जागा बदललेली होती. बुडीत रेष शाळेच्या मागून जात होती. अण्णाजी थूलांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं घर रेषेच्या आत होतं, चार एकराचं शेत आत होतं. साहेबांनी बजावलं, मंजुरी यायची आहे, एक शब्द बाहेर जाता कामा नये, नाहीतर जमिनीचे दलाल गावात शिरतील. अन्नपूर्णाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेल्या बापाची पोर, घराण्यातली पहिली सरकारी नोकर. त्यांनी कापड ताणलं, शाई भरली आणि रेष काढली. खाली कोपऱ्यात तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं लिहिली.

जानेवारीत त्या माहेरी गेल्या तर शेतात दगडांचा ढीग. बापाने विहीर धरली होती. "पाणी लागलं का भाजीपाला लावू," अण्णाजी म्हणाले. खाली धाकटा भाऊ कैलास खोदत होता, वीस वर्षांचा. अन्नपूर्णाबाईंनी डबा ठेवला, दोन दिवस राहिल्या आणि परत आल्या. बोलल्या नाहीत. मे महिन्यात अडतीस फुटांवर सुरुंग लावताना दगड ढासळला आणि कैलासचा उजवा गुडघा चेंदला. विहिरीला पाणी लागलं होतं. दीड वर्षाने नोटिसा आल्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला.

अण्णाजी तो पाहायला गेले. विहाराच्या भिंतीवरचं त्रिशरण त्यांनी लेकीकडूनच लिहून घेतलं होतं, ते अक्षर त्यांच्या नजरेतलं होतं. पुढे त्या भेटल्या तेव्हा बापाने विचारलं, "त्या नकाशावरचं अक्षर तुयंच हाय न व?"

"हो बाबा."

"तारीख वाचली म्या." मग थोडं थांबून ते म्हणाले, "कैलासले सांगू नोको."

एवढंच. त्यानंतर बारा वर्षं जगले अण्णाजी, नव्या गावठाणात, टिनाच्या घरात. तो विषय पुन्हा काढला नाही, लेकीशी वागणं बदललं नाही. त्यांनी एकदा तरी रागावून बोलावं, असं अन्नपूर्णाबाईंना वाटत राहिलं.

विवेकने मागितलेला पातळ कागद घेऊन त्या रविवारी त्या वर गेल्या. विवेकने तो उलटा करून बाजूला ठेवला आणि गोष्ट सुरू केली. दरबार, राजा, कारकून.

"तो कारकून मी होऊ काय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

इतक्या महिन्यांत त्या कधी खेळल्या नव्हत्या. पोरं खूश झाली. नीरजने त्यांच्यासाठी एक काळं बटन शोधलं आणि दरबारावर ठेवलं. त्यांनी ते लगेच उचललं आणि पायवाटेने नेत गावात, विहाराजवळच्या त्या घरासमोर ठेवलं.

"तो गावात जाते. अन् सांगते."

"काकू, यांनी अजून काही विचारलंसुद्धा नाही," विवेक म्हणाला.

"कोनी विचारन म्हून थांबाचं काय? तो सांगते. म्हनते, हे गाव बुडनार हाय. विहीर नोका खोदू."

विहिरीचं नाव तोवर गोष्टीत आलं नव्हतं. विवेक जरा घोटाळला, पण म्हणाला, "ठीक आहे. गावचा पंच विश्वास ठेवतो का ते बघू. टाका फासा."

फासा घरंगळत जाऊन चारवर थांबला.

विवेक पंचाच्या आवाजात हसला. "दरबारी माणूस दिसतो. जमिनी स्वस्तात लाटायला आला असेल. जा बाबा, आम्हाला कामं आहेत."

अंकिता म्हणाली, "परत टाका ना काकू, पहिलाच डाव आहे तुमचा."

"नाई. पडला तो पडला." अन्नपूर्णाबाई बटनाकडे पाहत होत्या. "पन तो हसला नसता."

"कोण, पंच?"

"माया बाप. मी सांगतलं असतं तं त्यानं त्याच दिवशी खोदनं बंद केलं असतं. मले कधी खोटं नाई समजला तो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सलग नाही. मध्येच थांबत, मध्येच नकाशावर बोट ठेवून, इथं आमचं घर, इथं शाळा. विवेकने फासा उचलून बाजूला ठेवला. "काकू, मला माहीत नव्हतं. ही गोष्ट सोडून देऊ. दुसरी घेतो."

"तुया काय दोष? टेकड्या जवळ हाय तं धरन तिथंच होईन. साहेबालेबी तेच दिसलं."

त्यांनी तो पातळ कागद उचलून नकाशावर ठेवला आणि कडा जुळवल्या. अंकिताचं ओट्याचं घर रेषेच्या आत आलं. त्या दिवशी पुढे कुणी खेळलं नाही.

संध्याकाळी अंकिता खाली आली, स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभी राहिली. "काकू, तुमच्या भावाला हे माहीत आहे?"

"नाई. बाबानं सांगू नोको म्हटलं होतं."

"कोणासाठी म्हटलं असेल? त्यांच्यासाठी, की तुमच्यासाठी?"

अन्नपूर्णाबाईंनी गॅस बारीक केला. नंतरचे आठ-दहा दिवस त्या या प्रश्नाची एकेक उत्तरं काढत राहिल्या.

डिसेंबरात त्या निघाल्या. वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून समुद्रपूरची एसटी, पुढे ऑटो. नवं मोहखेडा म्हणजे माळावरच्या सरळ ओळी, प्रत्येक घर सारखं. कैलास घरामागच्या तुकड्यात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतो, काठी टेकत दोन वाफ्यांमधून सरकत काम करतो. ताईला पाहून तो ओट्यावर आला. त्याची बायको देवकाबाई चहा ठेवायला आत गेली.

अन्नपूर्णाबाईंनी पाणीसुद्धा न पिता सांगून टाकलं. धरणाची जागा आधी कळली होती, नकाशा मीच काढला होता.

कैलास ऐकत होता. शेवटी म्हणाला, "कवा काढलता?"

"शहाऐंशीच्या ऑक्टोबरात."

"विहीर आपन जानेवारीत धरली."

"हो."

"तू आलती तवा." तो जमिनीकडे पाहत आठवत होता. "डब्बा घेऊन आलती. मी खाली होतो. तुनं वरून वाकून हाक मारली मले. म्हनली, कैलास, सांभाळून."

"हो रे."

"मले वाटलं, ताईले किती काळजी."

त्याने काठी उचलली आणि तो वाफ्याकडे निघून गेला. देवकाबाई चहा घेऊन आली, तिने दोघांच्या जागा पाहिल्या आणि कप ओट्यावर ठेवले. अन्नपूर्णाबाई दोन तास ओट्यावर बसल्या. कैलास पाठमोरा वांगी तोडत राहिला. ऑटोची वेळ झाली तेव्हा देवकाबाईने पिशवीत वांगी भरून दिली आणि म्हणाली, "मी फोन करत जाईन ताई."

ती करायची. दर पंधरा दिवसांनी, दुपारी, कैलास वाफ्यात असताना. कैलासने केला नाही.

मार्चमध्ये पोरांची इंटर्नशिप संपली. विवेक पुढच्या परीक्षेच्या क्लासला दिल्लीला गेला, अंकिता नाशिकला, नीरज गडचिरोलीकडे एका दवाखान्यात. जाताना त्यांनी नकाशे मागितले. अन्नपूर्णाबाईंनी किल्ला, भुयार, डोंगर, सगळे गुंडाळून दिले, मोहखेड्याचा तेवढा ठेवून घेतला. अंकिता रिक्षात बसेपर्यंत रडत होती. वर आता फिजिओथेरपीच्या दोन मुली राहायला आल्या. त्या शांत आहेत, रविवारी झोपतात. अन्नपूर्णाबाईंनी शाईची बाटली एकदोनदा उघडली, पण कुणासाठी काढायचं ते समजेना.

जुलैत देवकाबाईचा फोन आला. कैलासचा गुडघा सुजून पाय टेकवेना झाला होता, समुद्रपूरच्या डॉक्टरने सावंगीला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हटलं होतं. मंगळवारी येतो. अन्नपूर्णाबाईंनी त्या दिवशी सकाळपासून दार उघडं ठेवलं. दवाखान्यातून सुटून दुपारी दीडला ती दोघं रिक्षाने आली. कैलास आत आला नाही, पायरीजवळच्या खुर्चीत बसला. पाय लांब करून.

"काय म्हनले डॉक्टर?"

"गुडघ्याची वाटी बदलावी लागन म्हनते," देवकाबाईने सांगितलं.

अन्नपूर्णाबाईंनी ताट वाढून बाहेर आणलं. कैलास पोळी-भाजी जेवला. भात घेतला नाही. डोक्याचे केस पार पांढरे झाले होते त्याचे, सहा-सात महिन्यांत. आणखी भाजी देऊ का विचारलं तर त्याने ताटावर हात आडवा धरला. बहीण-भाऊ पावसाबद्दल थोडं बोलले, नव्या मोहखेड्याच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं त्याबद्दल बोलले. मग त्याने देवकाबाईला बसची वेळ विचारली.

उठताना त्याला खुर्चीच्या हातांवर जोर द्यावा लागला. अन्नपूर्णाबाई पुढे झाल्या, पण त्याने बायकोचा खांदा धरला.

"फेर कवा बलावलं हाय?" त्यांनी विचारलं.

"दहा तारखेले," तो म्हणाला.

"येजो. मी सैपाक करून ठेवतो."

कैलास रिक्षाकडे चालत गेला. देवकाबाईने मागे वळून मान हलवली. अन्नपूर्णाबाईंनी त्याचं ताट उचललं आणि नळाखाली धरलं.